अजिंक्यबाईंनी सोडा सोडला

आडनाव अजिंक्य, आणि रोज दुपारी चार वाजता एका रासबेरी सोड्याच्या बाटलीपुढे सपशेल पराभव. परळच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंदुमती अजिंक्य यांच्याबद्दल एवढं एकच वाक्य सांगून थांबता आलं असतं. पण तो त्यांच्यावर अन्याय होईल. शिवाय त्या कांदाभजीपुढेही हरायच्या, ते सांगायचं राहून जाईल.

मी तिथे शिवणाची बाई म्हणून लागले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. गिरण्यांच्या भिंती घोषणांनी रंगलेल्या, नाक्यानाक्यावर सभा. आमच्या मुली मधल्या सुट्टीत लंगडी सोडून मोर्चा-मोर्चा खेळत. त्यात पोलीस व्हायला कुणी तयार होत नसे, म्हणून ज्या मुलीने गृहपाठ केला नसेल तिला पोलीस करत.

बाई मूळच्या गिरगावातल्या, जुन्या पाठारे प्रभू घराण्यातल्या. आजोबांच्या काळात नारळीची वाडी होती म्हणे. आता दोन खोल्या, एक न लागणारं झुंबर आणि सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले थोरले बंधू एवढंच उरलं होतं. या दादांना चळवळीत काडीचा रस नव्हता. मुंबई महाराष्ट्राची की आणखी कुणाची, हा वादच त्यांना फिजूल वाटे. त्यांच्या मते ती मुळात त्यांच्या वाडीची होती आणि बाकीचे सगळे न विचारता आत शिरले होते. बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. "एक स्थळ आलं होतं," त्या सांगत. "पण त्यांच्या घरी आठवड्यातून तीन उपास. म्हटलं, इतक्या भुकेल्या घरात कोण जाणार?"

त्या उंच होत्या, रुंद होत्या आणि चालताना जमिनीला आपलं वजन नीट कळवत चालायच्या. मुख्याध्यापिका झाल्यावरही सातवीचा आरोग्याचा तास त्यांनी सोडला नव्हता. त्या तासाला मी शेजारच्या वर्गात काजं करायला शिकवत असायची, आणि भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं.

"जीभ ही मोलकरीण आहे, मालकीण नव्हे! काय?"

"मोलकरीण आहे, मालकीण नव्हे!" चाळीस मुली.

"फाटकाबाहेरची भजी कोण खातं?"

नुसती बाकं करकरत.

"त्या तेलाचा जन्म कधीचा आहे ठाऊक आहे? तुमच्या आधीचा! आणि ती रंगीत पाणी! पोटात गेल्यावर काय होतं?"

पोटात गेल्यावर काय होतं हे त्या इतकं रंगवून सांगत, की तास संपल्यावर मुलींना ती रंगीत पाणी प्यावीशीच वाटत. बाईंनाही बहुधा तसंच होत असावं.

मला हे कळलं ते आतड्यांच्या तक्त्यामुळे. एकदा पाहुणे तपासनीस आले. बाई त्यांना शाळा दाखवत होत्या आणि मला म्हणाल्या, "माझ्या कपाटातून पचनसंस्थेचा तक्ता आणा." मी कपाट उघडलं, तक्ता ओढला, आणि त्याच्यामागे रासबेरीच्या चार बाटल्या दाटीवाटीने उभ्या. गोटीच्या, गळ्याशी चिमटलेल्या. दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. खाली कागदात बांधलेली भजी होती आणि त्यांचं तेल मोठ्या आतड्यापर्यंत चढलं होतं.

मी तक्ता नेला. तपासनीस म्हणाले, "हा डाग कसला?"

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे अपचन."

नंतर मला बोलावून त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाटल्या शिपाई भिकाजी समोरच्या इराण्याकडून खडूच्या खोक्यात घालून आणायचा. गोटी आत दाबताना फट्ट आवाज होतो, तो झाकायला बाई त्याच क्षणी टेबलावरची घंटी वाजवायच्या. आम्हा शिक्षिकांना वाटे, चार वाजता बाई भिकाजीला बोलावतात. भिकाजी बिचारा दाराबाहेर उभा असे आणि कधीच आत जात नसे, याचं नवल मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

"आमच्या घराण्यात वाडी गेली, नारळ गेले, वडिलांचा पाय गेला," बाई म्हणाल्या, "जीभ मात्र पिढ्यान् पिढ्या शाबूत."

"पाय कशाने गेला?"

"साखरेने. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. शेवटच्या दिवसांत पलंगावर बसून काय मागायचे सांगू? जिलबी." त्या हसल्या. मग हसणं अर्ध्यावर सोडून त्यांनी चष्मा पुसला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना नवी चप्पल चावली. डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला. महिना झाला, दुसरा महिना गेला, तरी फोड भरेना. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि सांगितलं, तुमच्याही घरी साखर आली आहे. गोड बंद, तळलेलं बंद, रोज इंजेक्शन. नाहीतर वडिलांचं झालं ते होईल.

बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा समोर बाटली होतीच. "ही शेवटची," म्हणाल्या.

त्या शेवटच्या बाटलीनंतरच्या सगळ्या शेवटच्या बाटल्या मी पाहिल्या. बाईंनी काय करून पाहिलं नाही! लवंग चघळली. रासबेरी आठवली की कोकमाचं बिनसाखरेचं पाणी प्यायचं ठरवलं. त्या पाण्याने तोंड इतकं आंबायचं, की उतारा म्हणून रासबेरी लागायची. कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. तिसऱ्या दिवशी चार वाजता माझ्या वर्गात येऊन म्हणाल्या, "अहो, तक्ता हवा होता." सातवीचा आरोग्याचा तास त्या दिवशी नव्हता. मी किल्ली दिली नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्या काजांमध्ये चुका काढल्या.

शेवटी त्यांनी रस्ता बदलला. ट्रामच्या थांब्यापासून शाळेपर्यंत भजीवाला आणि इराणी हे दोन्ही वाटेत लागत, म्हणून त्या मागच्या गल्लीतून वळसा घालून येऊ लागल्या. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी लालबागकडून येणारा मोर्चा आडवा आला आणि बाई त्यात सापडल्या. मागून लोंढा, पुढून लोंढा. अशी उंच, रुंद, चष्मेवाली बाई पाहून कुणीतरी त्यांच्या हातात झेंडा दिला, आणि दहा पावलांत त्या पहिल्या रांगेत होत्या. आवाज तर त्यांचा असा, की "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं त्यांनी म्हटलं की "झालाच पाहिजे" म्हणायला पुढच्या नाक्यावरचे लोकही तयार होत.

मोर्चा शाळेसमोरूनच गेला. आम्ही सगळ्या खिडकीत. आमच्या मुख्याध्यापिका झेंडा घेऊन निघालेल्या पाहून मुलींनी जो जल्लोष केला तो काय सांगावा! आणि नेमका तिथेच, शाळेच्या समोर, इराण्याच्या दारात मोर्चा थांबला. इराण्याने मोर्चेकऱ्यांसाठी थंड बाटल्या काढल्या होत्या. पहिली बाटली मानाने बाईंना देण्यात आली.

त्यांनी नको म्हणून हात हलवला, हे मी स्वतः पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, "घ्या हो बाई, घसा बसेल." त्यांनी घेतली. मग दुसरी घेतली. तिसरी त्यांनी मागून घेतली. भर रस्त्यात, डोकं मागे टाकून, डोळे मिटून. आणि दोन मजले भरून मुली बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: "सोडा सुटलाच पाहिजे!" आणि बाई वर्गात शिरल्या तशी मागच्या बाकांवरून घोषणा सुरू झाली, "सोडा सोडा! बाई, सोडा सोडा!"

बाई चेष्टेला घाबरणाऱ्या नव्हत्या. दुसरी कुठली गोष्ट असती तर त्याच आधी हसल्या असत्या. पण त्या दिवशी त्या पांढऱ्याफटक पडल्या. "कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. शांता जाधव उभी राहिली. किरकोळ, काळीसावळी, वर्गात पहिली येणारी मुलगी. "मी लिहिलं. तुम्हीच शिकवलं बाई, आरोग्यात."

"उद्या आईला घेऊन ये."

शांताची आई चंद्राबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. पहिली पाळी सुटल्यावर ती थेट शाळेत आली. केसांत कापसाचे तंतू, डोक्यावर पदर, हातात जेवणाचा रिकामा डबा. ही मंडळी परळच्याच चाळीतली. वर्षभरापूर्वी त्यांच्या सगळ्या चाळीने बौद्ध धम्म घेतला होता. बाईंनी मला साक्षीदार म्हणून खोलीत बसवून घेतलं होतं.

"तुमच्या मुलीने माझा भर वर्गात अपमान केला," बाई म्हणाल्या.

"केला तर चुकलं तिचं," चंद्राबाई म्हणाली. "मोठ्या माणसाला असं बोलू नाय. मी घरी सांगते तिला." मग थोडं थांबून, "पर बाई, खोटं लिवलं का तिनं?"

चार वाजायला आले होते. बाईंचा हात आपोआप घंटीकडे गेला आणि परत आला. चंद्राबाईने ते बघितलं. टेबलाखाली पायाशी बाटली होती, तीही बघितली. करंगळीची पट्टी बघितली.

"किती दिस झाले?" तिने विचारलं. जखमेबद्दल विचारते आहे असं मला वाटलं.

"वीस वर्षं," बाई म्हणाल्या. त्यांना प्रश्न बरोबर कळला होता.

"माजी चोवीस." चंद्राबाई खुर्ची ओढून बसली. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं. "मशेरी. बारा वर्षांची होते तवापासून." भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड गिरणगावातल्या निम्म्या बायका दातांना लावायच्या. "सकाळ-दुपार-सांज. नाय लावली तर डोकं फिरायचं, पोरांना मारायचे. मग धम्म घेतला. घरातले देव काढले, बाई. सासूच्या सासूपासूनचे देव. त्या रात्री मालक म्हनले, देव गेले, आन् तुजी डबी तेवढी कोनाड्यात बसली. मला लई लागलं ते."

"मग टाकली?"

"टाकली. दुसऱ्या दिशी उकिरड्यावर शोधत गेले."

बाई खदखदून हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"मग सुटली कशी?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारला नाही. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"तलफ येते ती पावन्यासारखी येते. आपन काय करतो, लगेच पाट मांडतो. ये बाय, बस बाय. पाट मांडायचाच नाय. दारात उभी ऱ्हाते. लई वेळ उभी ऱ्हाते, जीव खाते. पर पाय तिलाबी असतात. दुखले की जाते."

"आणि जीभ मोलकरीण आहे, हे तिला सांगायचं नाही?"

"मोलकरनीलाबी दुपारी च्या लागतो, बाई. शिव्या दिल्यान् ऐकत नाय ती. हाताला काम पायजे. त्या टायमाला रिकामं बसायचं नाय."

"तुम्ही काय करता त्या वेळी?"

चंद्राबाई पहिल्यांदाच लाजली. "शांतीची पाटी घेते. अक्षरं काढते. क, ख... घ पर्यंत आले. पुढं शांतीला वेळ नसतो."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी. त्यांनी टेबलाखालची बाटली उचलली, माझ्या हातात दिली, आणि म्हणाल्या, "ही घेऊन जा आणि येताना एक पाटी आणा." मग चंद्राबाईला, "घ च्या पुढचं बघू."

त्या दिवसापासून पाळी सुटली की चंद्राबाई शाळेत येई आणि चार ते साडेचार मुख्याध्यापिकेच्या खोलीत बसे. मुख्याध्यापिका गिरणीतल्या बाईला लिहायला शिकवतात हे शाळेच्या चालकांना फारसं रुचलं नाही. त्यांच्यापैकी एकजण येऊन म्हणाले, "बाई, हे आपल्या कामात बसतं का?" बाई म्हणाल्या, "बसत नाही. म्हणून तर करते. बसायला दिलं की संपलं." ते गृहस्थ काही न समजता परत गेले.

कोण कुणाला शिकवतं हा प्रश्नच होता. मी शिवणाचे कपडे दाखवायला जाई तेव्हा पाही. चंद्राबाई जीभ दातांत धरून 'झ' गिरवते आहे, आणि बाई खुर्चीत चुळबुळतायत, कपाळावर घाम, बोटं टेबलावर वाजतायत. चंद्राबाई पाटीवरून मान वर न काढता म्हणे, "उभी हाय का अजून?"

"आहे," बाई म्हणत.

"ऱ्हाऊ द्या. माजं 'झ' बघा."

हे सरळ रेषेत झालं असं मात्र समजू नका. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या टेबलावर लेमन ठेवलेलं होतं आणि बाईंनी आपलं पिऊन पाहुण्यांचंही प्यायलं. पाहुणे भाषणात म्हणाले की अशा संस्थांना मदतीची फार तहान असते. आम्ही खाली माना घातल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी चंद्राबाईला झालं ते सांगितलं. चंद्राबाई म्हणाली, "दोन गिलास? मग आज दोन पानं लिवू." आणि खरोखरच बाईंना समोर बसवून दोन पानं लिहीपर्यंत उठू दिलं नाही.

एकदा उलट झालं. चंद्राबाईची आई गावी वारली. तार आली तेव्हा अंत्यविधी होऊनही गेला होता. चार दिवसांनी चंद्राबाई आली ती तोंडावर पदर धरून. बोलायला पदर काढला तर दात काळे. ती दारातच उभी राहिली. आत येईना.

मला वाटलं बाई आता काहीतरी खास त्यांच्या पद्धतीचं बोलणार. बाई उठल्या, लंगडत दारापर्यंत गेल्या आणि तिचा हात धरून तिला खुर्चीवर आणून बसवलं. पाटी काढली नाही. तिचा हात अर्धा तास सोडलाही नाही. जाताना चंद्राबाई म्हणाली, "उद्या येऊ का?"

"म्हणजे? 'श्र' कोण शिकणार? मी?"

ती दुसऱ्या दिवशी आली, दात घासून घासून हिरड्या लाल करून.

करंगळी मात्र वाचली नाही. सोडा सुटून आठ महिने झाले होते, तरी डॉक्टर म्हणाले, ती आधीच मेलेली आहे, काढावी लागेल. मी आणि चंद्राबाई इस्पितळात भेटायला गेलो. दादा कोपऱ्यात बसून रडत होते. त्यांना वडील आठवत होते. बाई उशीला टेकून बसलेल्या. "रडता काय दादा," त्या म्हणाल्या, "अजिंक्य घराण्याचा इतका लहान पराभव आजवर कुणी केला नव्हता." मग चंद्राबाईला जवळ बोलावून हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग. मला गोड सांगतात ते सगळे."

"बाकीचा पाय चांगला हाय म्हनले," चंद्राबाई म्हणाली. "कागदावर लिवलंय. मी वाचलं."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "तू वाचलंस?"

"सगळं नाय. 'पाय' आन् 'चांगला' वाचलं. मधलं विंग्रजी होतं."

तेव्हा मात्र बाई रडल्या, आणि दादा रडायचे थांबले.

त्यानंतर दोन वर्षांनी महाराष्ट्र झाला. मी तोवर लग्न होऊन दादरला राहायला गेले होते, शाळा सुटली होती. बाई निवृत्त झाल्याचं कानावर आलं होतं. त्या महिन्यातल्या एका दुपारी परळला माहेरच्या कामासाठी गेले होते. रस्त्यांवर अजून तोरणं होती. जिकडेतिकडे दुकानांची नावं बदललेली. कालपर्यंत जे न्यू होतं, रॉयल होतं, ते सगळं एका फटक्यात शिवाजी आणि महाराष्ट्र झालेलं.

नाक्यावरच्या थंडपेयांच्या एका नव्या दुकानासमोर थोडी गर्दी होती. मला वाटलं भांडण. बघते तर अजिंक्यबाई, हातात काठी, पायात कापडी बूट, आणि त्यांच्यापुढे चंद्राबाई, कमरेवर हात ठेवून. दुकानदार दारात आला होता. वर ताज्या रंगाची पाटी: 'महारास्ट्र कोल्ड्रिंक'.

"ह्यो 'स' हितं कुनी घातला?" चंद्राबाई विचारत होती.

"अहो बाई, एका अक्षराने काय होतंय?"

"एका अक्षरान्? एवढी मानसं त्याच्यासाटी मेली, आन् तू नीट लिवनार नाय?"

दुकानदार ओशाळला. गर्दीतले लोक हसले, मग हसायचे थांबले. "बरं, उद्या रंगाऱ्याला बोलावतो," तो म्हणाला. "ऊन फार आहे. या, दोघी आत बसा. थंड घ्या काहीतरी. माझ्याकडून."

मला बाईंचा आवाज ऐकायचा होता. तो आवाज, जो ऐकून मोर्चे हलत. पण बाई काठीवर रेलून चंद्राबाईकडे बघत राहिल्या, तोंडी परीक्षेत आपल्या मुलीकडे बघावं तशा.

"थंड नको," चंद्राबाई म्हणाली. "उद्या बी नको. पोटफोड्या 'ष' लाव आदी."

शेवटी शेजारच्या दुकानाची पाटी रंगवणाऱ्यालाच बोलावलं. त्याने शिडी लावली, ओला 'स' चिंधीने पुसून काढला. माझी ट्राम आली. ट्रामच्या खिडकीतून मी वळून पाहिलं तेव्हा रंगारी शिडीवर होता, दुकानदार शिडी धरून उभा होता, आणि त्या दोघी भर उन्हात, बाईंच्या एका छत्रीखाली दाटीने उभ्या राहून, माना वर करून, 'ष' चं पोट फोडलं जाण्याची वाट बघत होत्या.